आल्प्समध्ये रात्री किती?

आल्प्समधल्या हॉटेलांच्या बाथरूममध्ये आरशाशेजारी एक पाटी असते. टॉवेल धुवायला हवा असेल तर खाली टाका, पुन्हा वापरणार असाल तर दांडीवर टांगा, पाणी वाचवा, निसर्ग वाचवा. मराठी मंडळींचे ग्रुप घेऊन स्वित्झर्लंड-ऑस्ट्रियात फिरणं हे माझं काम असल्यामुळे या पाटीचे जर्मन, फ्रेंच, इटालियन असे सगळे अवतार मला पाठ आहेत. पाटी खोटी नाही. पाणी, साबण, वीज, सगळं थोडंथोडं वाचतं. अडचण वेगळीच आहे. आमच्या ग्रुपमधला पाहुणा रात्री साडेआठ-नऊला खोलीची किल्ली घेतो आणि सकाळी सातला त्याची बॅग कोचच्या पोटात गेलेली असते. त्याने टॉवेल दांडीवर टांगला काय आणि खाली टाकला काय, संध्याकाळी त्या खोलीत दुसरं कुटुंब येणार, म्हणजे टॉवेल, चादरी, उशांचे अभ्रे धुलाईला जाणारच. तेच कुटुंब तिथे चार रात्री राहिलं असतं तर ही धुलाई एकदाच झाली असती. शाश्वत पर्यटन या नावाखाली जे छापलं आणि विकलं जातं, त्यातलं बरंचसं या पाटीच्या जातीचं आहे. पाहुण्याच्या हातात काही उरलेलं नसतं तेव्हा त्याला निर्णय विचारला जातो. खरा निर्णय सहा महिने आधीच, दादरच्या नाहीतर डेक्कनच्या एखाद्या ऑफिसात कार्यक्रमपत्रिका आखताना होऊन गेलेला असतो.

आपल्याकडच्या लोकप्रिय युरोप सहलीचा साचा बहुतेक वाचकांना ठाऊक असेल. पॅरिस, ब्रसेल्स, अॅमस्टरडॅम, ब्लॅक फॉरेस्ट, ऱ्हाइनचा धबधबा, मग टिटलिस आणि युंगफ्राउ, वाटेत फादुत्सला पाऊण तास थांबून 'लिक्टेनस्टाइन हा देश झाला', वाटेन्सला स्वारोव्स्कीचे स्फटिक, इन्सब्रुकच्या आसपास एक रात्र आणि पुढे व्हेनिसची वाट. या सगळ्याचा कणा म्हणजे कोच, आणि कोचचा मालक म्हणजे घड्याळ. युरोपात ड्रायव्हरने दिवसाला साधारण नऊ तासच गाडी चालवायची, साडेचार तास चालवली की पाऊण तास विश्रांती घ्यायची, रात्रीची सुट्टी वेगळी. टॅकोग्राफ मिनिटामिनिटाची नोंद ठेवतो आणि पोलीस तो तपासतात. नियम उत्तम आहे, ड्रायव्हरचा आणि पन्नास माणसांचा जीव त्याने वाचतो. पण त्याचा परिणाम असा की टूर मॅनेजरच्या डोक्यात डोंगर नसतात, उरलेली मिनिटं असतात. 'इथे चाळीस मिनिटं, टॉयलेट उजवीकडे, फोटो समोरून चांगला येतो' हे वाक्य या धंद्यातलं सगळ्यात जास्त वापरलं जाणारं वाक्य असावं. लपाछपीत भोज्जाला शिवून पळावं तसे आपण गावांना शिवून पळतो. याचा दोष मी प्रवाशाला देत नाही, सहल तशीच आखलेली असते. माझं म्हणणं एवढंच आहे की आल्प्समधलं पर्यटन टिकणार की नाही हे मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतं: पाहुणा एका गावात किती रात्री राहतो आणि तिथे कशाने फिरतो.

रात्रींचं महत्त्व पैशाच्या हिशेबातून लगेच कळतं. स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रियात मुक्काम करणाऱ्या पाहुण्याकडून हॉटेल दर रात्रीमागे एक छोटा कर घेतं. त्या पैशातून पायवाटा, दिशादर्शक पिवळ्या पाट्या, बाकडी, स्वच्छतागृहं यांची देखभाल होते आणि पुष्कळ ठिकाणी स्थानिक बससुद्धा चालते. बदल्यात पाहुण्याला गेस्ट कार्ड मिळतं. स्वित्झर्लंडच्या तिचिनो प्रांतात तर 2017 पासून मुक्कामी पाहुण्याला संपूर्ण प्रांतातली सार्वजनिक वाहतूक या व्यवस्थेतून फुकट आहे. म्हणजे राहणारा माणूस आपल्या येण्याचा खर्च काही प्रमाणात स्वतःच उचलतो. दोन तासांसाठी उतरणारा माणूस त्याच पायवाटेने जातो, तोच कचऱ्याचा डबा भरतो, मुक्काम-कर मात्र भरत नाही. खर्च करतो तो फार तर आइस्क्रीम आणि फ्रिजवर लावायच्या चुंबकावर. ब्रिएन्झ तळ्याकाठी इझेल्टवाल्ड नावाचं शेकड्यांत लोकसंख्या असलेलं खेडं आहे. तिथल्या एका लाकडी धक्क्यावर 'क्रॅश लँडिंग ऑन यू' या कोरियन मालिकेतलं दृश्य चित्रित झालं आणि गावाची झोप उडाली. 2023 मध्ये ग्रामपंचायतीने धक्क्याच्या तोंडाशी फिरतं फाटक बसवून पाच फ्रँक घ्यायला सुरुवात केली. लाउटरब्रुनेनच्या दरीतही मोटारीने येणाऱ्या दिवसभराच्या पर्यटकांकडून शुल्क घ्यावं का, यावर चर्चा झाली. या गावांना पाहुण्यांचा राग आलेला नाही. न राहणाऱ्या पाहुण्याचा खर्च राहणाऱ्यांच्या आणि गावकऱ्यांच्या डोक्यावर बसतो, हा त्यांचा सरळ हिशेब आहे.

या बाबतीत सगळ्यात शहाणा नियम मला ऑस्ट्रियातल्या हालश्टाटचा वाटतो. साडेसातशेच्या आसपास वस्ती, 1997 पासून जागतिक वारसा, एका बाजूला तळं आणि दुसऱ्या बाजूला सरळ उभा कडा. गावाला पसरायला जागाच नाही. गर्दीच्या दिवसात तिथे दहा हजारांपर्यंत माणसं येत. 2020 पासून तिथे कोचना आधी वेळ आरक्षित करावी लागते, आणि नियमातली गोम अशी की आलेल्या ग्रुपने किमान अडीच तास थांबलं पाहिजे. आमच्या व्यवसायात यावर बरीच कुरकुर झाली, कारण हालश्टाट हा साल्झबुर्गच्या वाटेवरचा पाऊण तासाचा थांबा होता आणि अडीच तासांनी सगळं वेळापत्रक कोलमडतं. पण नेमकं तेच अपेक्षित होतं. ज्याला फक्त तळ्याकाठचा फोटो हवा, त्याची सहल हालश्टाट आपोआप वगळते. ज्याला गाव बघायचं आहे तो जेवतो, मिठाच्या खाणीकडे चढतो, हस्तकलेच्या दुकानात शिरतो. गावाने नुसती माणसं मोजली नाहीत, त्यांचे तासही मोजले. भाव वाढवून गरिबाला बाहेर ठेवण्यापेक्षा वेळ मागून घाईवाल्याला बाहेर ठेवणं मला जास्त न्याय्य वाटतं. घाई करणाऱ्यात श्रीमंतही असतात.

दुसरा प्रश्न फिरण्याच्या साधनाचा. इथे कोचवर अन्याय होता कामा नये. पन्नास माणसांनी भरलेला कोच माणशी इंधनाच्या हिशेबाने भाड्याच्या मोटारींपेक्षा कितीतरी बरा. पाच-पाच जणांनी दहा गाड्या घेऊन फिरण्यापेक्षा तो नक्कीच चांगला. पण स्वित्झर्लंडमध्ये कोचची तुलना मोटारीशी नाही, आगगाडीशी करायला हवी. तिथल्या संघीय रेल्वेची वीज सुमारे नव्वद टक्के जलविद्युत आहे. 1982 पासून साऱ्या देशाचं वेळापत्रक ठरावीक ठेक्यावर चालतं: दर तासाला त्याच मिनिटाला गाडी, ती येते तेव्हा स्टेशनाबाहेर पिवळी पोस्टबस उभी, आणि बस पोहोचते तिथे बहुधा रोपवे. लुसर्नहून एंगेलबर्गला दर तासाला गाडी आहे, प्रवास पाऊण तासाचा, आणि टिटलिसच्या रोपवेचं खालचं स्टेशन तिथून चालत जाण्याइतकं जवळ. तरीही आमचे बहुतेक ग्रुप त्याच रस्त्याने कोचने जातात, कारण दुपारनंतर तो कोच दुसऱ्या देशाकडे वळायचा असतो. एका गावी चार रात्री राहिलं की हे कारणच उरत नाही. मुक्काम वाढला की आगगाडी सोयीची होते, मुक्काम एकच रात्र असला की कोचला पर्याय नसतो. रात्री आणि साधन या दोन गोष्टी मी एकत्र मांडतो त्या यासाठी.

झेरमाटचं उदाहरण सगळे देतात, ते योग्यच आहे. पेट्रोल-डिझेलच्या गाड्या खाली टेशला थांबतात आणि पुढचा बारा मिनिटांचा प्रवास शटल ट्रेनने होतो. गावात फिरतात त्या विजेवरच्या ठेंगण्या, चौकोनी गाड्या. पत्र्याच्या पेटीला चाकं लावल्यासारख्या दिसणाऱ्या या गाड्या गावातल्याच कार्यशाळेत बनतात. दस्तुरी नाक्याला गाडी ठेवून माथेरान चढणाऱ्या आपल्या लोकांना यात काही अचंबा वाटू नये. झेरमाटला रेल्वे 1891 मध्ये आली, गोर्नरग्राटची दातेरी रुळाची रेल्वे 1898 मध्ये, तीही सुरुवातीपासून विजेवर. म्हणजे मोटारी हटवून रेल्वे आणली नाही. रेल्वे आधी होती आणि गावाने मोटारींना आत येऊ दिलं नाही. हा फरक मोठा आहे, आणि 'ते झेरमाट आहे, श्रीमंतांचं गाव, सगळ्यांना कसं जमेल?' हा आक्षेप तिथूनच निघतो. त्याचं उत्तर साल्झबुर्ग प्रांतातल्या वेर्फेनवेंगने दिलं आहे. हजारभर वस्तीचं, मॅटरहॉर्नसारखा जगप्रसिद्ध डोंगर नसलेलं, रस्ता असलेलं साधं गाव. त्यांनी मोटारींवर बंदी घातली नाही. रेल्वेने येणाऱ्याला, किंवा आल्यावर मुक्कामभर गाडीची किल्ली जमा करणाऱ्याला, एक कार्ड दिलं. त्यावर स्टेशनची ने-आण, विजेवरच्या गाड्या, सायकली अशा सोयी. प्रयोग 1990 च्या दशकात सुरू झाला आणि 2006 मध्ये अशाच गावांचं 'अल्पाइन पर्ल्स' नावाचं जाळं उभं राहिलं, वेर्फेनवेंग त्याच्या मुळाशी होतं. मात्र ही सोय एका रात्रीच्या पाहुण्याच्या काय कामाची? किल्ली जमा करायची तर निदान दोन-तीन दिवस तिथे असायला हवं.

आता सगळ्यात जड आक्षेप. मुंबईहून विमानाने येणाऱ्या माणसाने स्वित्झर्लंडमध्ये आगगाडीत बसून निसर्ग वाचवल्याचा आव आणू नये, असं कुणी म्हटलं तर ते खोडून काढता येत नाही. मुंबई ते झुरिक साडेसहा हजार किलोमीटर; जाऊन-येऊन इकॉनॉमी वर्गातल्या एका प्रवाशाच्या वाट्याला ढोबळ हिशेबाने एक टनाहून अधिक कार्बन डायऑक्साइड येतो. टॉवेल, आगगाडी, पाण्याची बाटली यांची सगळी बचत एकत्र केली तरी या आकड्यापुढे ती किरकोळ आहे. प्रामाणिक माणसाने हे मान्य करावं आणि दोन रोपं लावून फेड केल्याचं समाधान करून घेऊ नये. पण यातून 'मग काहीच करू नका' असा निष्कर्ष निघत नाही. विमानाचा खर्च मोठा आणि ठरलेला आहे, तो सहलीच्या दिवसांवर अवलंबून नाही. सहा दिवसांच्या दोन सहलींऐवजी बारा दिवसांची एक सहल केली तर तो निम्मा होतो. दुसऱ्या कुठल्याच उपायाने इतकी बचत होत नाही. 'या वर्षी युरोपची झलक, दोन वर्षांनी नुसतं स्वित्झर्लंड, मग राहिलेलं ऑस्ट्रिया' अशी हप्त्याहप्त्याने युरोप विकण्याची आमच्या धंद्याची पद्धत आहे, ती नेमकी उलट्या दिशेला जाते.

आणि आल्प्सला हा हिशेब दुरून वाचायचा नाही, तो त्यांच्या दारात आलेला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून आल्प्सचं तापमान सुमारे दोन अंशांनी वाढलं आहे, जगाच्या सरासरीपेक्षा बरंच जास्त. स्विस हिमनद्यांनी 2022 या एका वर्षात आपल्या बर्फाचा सहा टक्के भाग गमावला आणि 2023 मध्ये आणखी चार टक्के. ऱ्होन हिमनदीच्या तोंडाशी बर्फाची गुहा आहे. ती टिकावी म्हणून उन्हाळ्यात तिच्यावर पांढरी कापडं पांघरतात. जवळून पाहिलं तर ती कापडं धुळीने करडी झालेली, कडेला फाटलेली असतात आणि खालून पाणी ठिबकत असतं. स्कीच्या उतारांची गत अशी की इटलीत जवळपास नव्वद टक्के, ऑस्ट्रियात सत्तरीच्या पुढे आणि स्वित्झर्लंडमध्ये निम्म्याहून अधिक उतारांवर यंत्राने बर्फ पाडण्याची सोय करावी लागली आहे. हिवाळ्याचा भरवसा उरला नाही की ही गावं उन्हाळ्याकडे वळणार, आणि आधीच तुडुंब असलेले जुलै-ऑगस्ट आणखी भरणार. इथे आपल्या लोकांच्या बाजूने एक गोष्ट सांगायलाच हवी. भारतीय पर्यटक मुख्यतः शाळांच्या सुट्टीत, एप्रिलअखेर ते जूनच्या सुरुवातीपर्यंत येतात. स्की संपलेली, उन्हाळी गर्दी सुरू व्हायची, असा तो आल्प्समधला रिकामा काळ. एरवी बंद राहिली असती अशी हॉटेलं एंगेलबर्ग-इंटरलाकेन भागात आपल्यामुळे या दिवसांत उघडी राहतात आणि कामगारांना सलग पगार मिळतो. गर्दी वर्षभर पसरवा असं तिथली पर्यटन मंडळं सांगत असतात. आपण ते महाराष्ट्र बोर्डाच्या वेळापत्रकामुळे नकळत करत आलो आहोत. फक्त हा लाभ आपण एकेका रात्रीत चुरगाळून टाकतो.

आमच्या धंद्यातले लोक म्हणतील, लिहायला ठीक आहे, पण विकत कोण घेणार? आयुष्यभर साठवलेल्या पैशातून एकदाच युरोप पाहणारं जोडपं आयफेल टॉवर सोडून चार दिवस एका खेड्यात बसेल का? सगळे बसणार नाहीत, हे मलाही ठाऊक आहे, आणि त्यांना नावं ठेवण्याचा अधिकार कुणालाच नाही. पण सात देश दाखवणं आणि आल्प्समध्ये तीन हॉटेलं बदलणं या वेगळ्या गोष्टी आहेत. पॅरिस राहू द्या. पण एकदा डोंगरात शिरल्यावर एंगेलबर्गला एक रात्र, झुरिकच्या विमानतळाजवळ एक रात्र आणि इन्सब्रुकबाहेर हायवेलगत एक रात्र, याऐवजी तिन्ही रात्री एका गावात घालवल्या तर कोणता देश बुडतो? फादुत्स आणि स्फटिकांचं दुकान गळेल. शिवाय 'लोकांना हेच हवं असतं' या वाक्यावर माझा फारसा विश्वास नाही. लोकांपुढे ठेवलेल्या यादीत जे असतं त्यातून ते निवडतात, आणि आमच्या यादीत देशांची संख्या ठळक अक्षरांत असते, मुक्कामाच्या रात्री मात्र शोधाव्या लागतात. ज्येष्ठ प्रवाशांच्या गुडघ्यांचा मुद्दा मात्र खरा आहे. कोच दारात उभा राहतो, रेल्वेत बॅगा चढवाव्या लागतात. पण गुडघ्यांना सगळ्यात जास्त त्रास रोज पहाटे बॅग भरण्याने आणि दिवसाचे सहा-सात तास पाय लोंबकळत बसण्याने होतो, आणि बॅगा एका स्टेशनावरून दुसऱ्या स्टेशनावर पोहोचवण्याची सेवा स्विस रेल्वे देते.

जेवणाचा विषय काढला की चर्चा थट्टेवर जाते, पण शाश्वततेचा एक धडधडीत पुरावा तिथेच आहे. आल्प्सची ती हिरवी, कातरल्यासारखी कुरणं निसर्गाने दिलेली नाहीत. शतकानुशतकं उन्हाळ्यात गाई वर चरायला नेल्यामुळे ती मोकळी राहिली आहेत. गाई थांबल्या तर काही दशकांत तिथे झुडपं आणि मग जंगल येईल. स्वित्झर्लंडमध्ये आजही असे जवळपास सात हजार उन्हाळी गोठे चालतात. त्या दुधाचं चीज विकलं गेलं तरच शेतकरी वर जातो. म्हणजे ज्या दृश्यासाठी आपण लाखो रुपये मोजतो, त्याची राखण चीज खाणारा करतो. आपण मात्र तिथे बासमती आणि गोठवलेलं पनीर मागवून मटार-पनीर करतो. रोजच करा असं नाही आणि रोज करू नका असंही नाही. वरणभाताशिवाय तिसऱ्या दिवशी माणूस हळवा होतो हे मी पुरतं जाणतो. पण मॅकरोनी, बटाटा आणि चीज एकत्र शिजवून वर सफरचंदाचा गर घालतात तो गवळ्यांचा पदार्थ, रोश्टी, चीज घालून भाजलेला पाव, हे मांसाशिवाय मिळतं आणि आपल्या जिभेला परकंही वाटत नाही. कडक शाकाहाऱ्यांनी एवढं मात्र विचारून घ्यावं की चीजमधलं विरजण वासराच्या जठरातलं आहे का, कारण पारंपरिक चीजमध्ये ते असतं. आणि पाणी! गावागावात चौकातल्या हौदावर नळ अखंड वाहत असतो, बहुतेक ठिकाणी ते पिण्याचंच पाणी असतं आणि नसेल तिथे तशी पाटी असते. त्याच्यासमोर उभं राहून कोचमधली विकतची बाटली उघडणं हे निव्वळ सवयीचं काम आहे.

शेवटचा आक्षेप मर्यादेबद्दलचा. खाटा मोजल्या, माणसं मोजली, की भाव चढतात आणि आल्प्स श्रीमंतांचे होतात. यात तथ्य आहे. इटलीतल्या दक्षिण टिरोलने 2022 मध्ये पाहुण्यांच्या खाटांची संख्या गोठवली. सुमारे साडेपाच लाख वस्तीच्या या प्रांतात वर्षाला तीन कोटींहून अधिक मुक्कामरात्री भरतात, तेव्हा त्यांचा जीव घाबरा झाला तर नवल नाही. ज्यांची हॉटेलं आधीपासून उभी आहेत त्यांना या निर्णयाने आयतं संरक्षण मिळालं, हेही खरं. ऑस्ट्रियातलं लेख गाव तर फार पूर्वीपासून दिवसाला 14,000 स्की करणाऱ्यांच्या वर पास विकत नाही, आणि लेख स्वस्त नाही. पण मर्यादा नसली की आल्प्स स्वस्त राहतात, असंही दिसत नाही. स्विस मतदारांनी 2012 मध्ये अगदी थोडक्या बहुमताने ठरवलं की कुठल्याही गावात दुसऱ्या घरांचं प्रमाण वीस टक्क्यांच्या वर जाऊ द्यायचं नाही. त्याचं कारण असं की वर्षातले पंधरा दिवस उघडणाऱ्या, बाकी वेळ खिडक्या मिटलेल्या सदनिकांनी घरांचे भाव इतके वर नेले होते की शाळेतल्या शिक्षकाला आणि रोपवे चालवणाऱ्याला गावात घर परवडेना. बाजाराला मोकळं सोडलं तर तो गावच विकून टाकतो. मर्यादा कोणती आणि तिचा लाभ कुणाला, यावर भांडावं. मर्यादा असावी की नाही, हा प्रश्न माझ्या मते संपलेला आहे.

तेव्हा पुढच्या मे महिन्यासाठी पैसे भरण्याआधी कंपनीच्या ऑफिसात तीन गोष्टी विचारा, आणि उत्तर लेखी घ्या. डोंगरात सलग किती रात्री एकाच हॉटेलात आहेत, ते हॉटेल गावात आहे की हायवेवर, आणि एखादा दिवस तरी कोच सोडून आगगाडीने जायचं आहे का. पुरेशा लोकांनी विचारलं तर पुढच्या वर्षीच्या पत्रिकेत फरक पडतो. आम्ही लोक प्रवाशांच्या फोनला फार घाबरतो. आणि तिथे पोहोचल्यावर हॉटेलच्या काउंटरवर आपलं गेस्ट कार्ड मागा. त्याचा कर तुमच्या पैशातून भरलेला असतो, पण ग्रुपमधल्या माणसाला ते मागितल्याशिवाय बहुधा मिळत नाही.